आईचा आवाज आणि पायथनचा पत्ता

गेली बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतोय. ऑफिसात माझ्या हुद्द्याचं नाव एका ओळीत मावत नाही, पण काम साधं आहे. कोणी सॉफ्टवेअर बनवलं की ते कुठे कुठे मोडतं ते पाहायचं आणि ज्याने बनवलं त्याला ते न दुखवता सांगायचं. पहिलं मला जमतं. दुसरं जमत नाही असं बायको म्हणते, आणि तेसुद्धा ती इतकं न दुखवता म्हणते की माझ्या जागी तिलाच नेमायला हवं.

नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावतो. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य या खोलीत उच्चारायचं नाही. तुमच्या मशीनवर चालतंय यात कौतुक कसलं, ते तुमच्या हाताखालीच वाढलंय. दुसऱ्याच्या घरी पाठवा, तिथे नांदतंय का बघा. एवढं बोलून मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो: प्रत्येक बदल, तिन्ही सिस्टिम्सवर. म्हणजे विंडोज, मॅक आणि लिनक्स. मुलं वहीत उतरवून घेतात. माझ्यामागे माझी नक्कल करतात हेही मला ठाऊक आहे. एकदा दाराआडून ऐकली. चांगली करतात.

तर असा मी, याच वर्षी, माझ्या थोरल्या बहिणीला फोनवर म्हणालो, "ताई, माझ्या मशीनवर तर चालतंय." ते कसं घडलं ते सांगतो.

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आईला टाइप करायचा कंटाळा. टाइप करायला चष्मा लागतो, बोलायला लागत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून ती मला फोनवर व्हॉइस मेसेज पाठवायची. ती बिबवेवाडीला, मी कोथरूडला. रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला, मी एक मोजा पायात घालून दुसरा शोधत असताना, फोन वाजायचा. मेसेजला सुरुवात अशी नसायची. आदल्या दिवशी वाक्य जिथे सोडलं असेल तिथून ती पुढे चालू करायची. कोणाच्या बारशाला काय द्यायचं, माझा खोकला, कोपऱ्यावरच्या वाण्याने रवा कसा दिला, टीव्हीवर कोणी हेल्मेटविषयी बोललं आणि तू घालतोस की नाही. मी त्यातलं निम्मं ऐकायचो. खरं सांगायचं तर पाव. उत्तर म्हणून अंगठा पाठवायचो. तिला तो अंगठा पुरायचा, की पुरत नव्हता आणि ती बोलली नाही, हे आता विचारायला कोणी नाही.

ती गेल्यावर ते मेसेज माझ्या फोनमध्ये तसेच राहिले. मी एकही उघडला नाही, एकही पुसला नाही. मध्ये नवा फोन घेतला तेव्हा दुकानातल्या माणसाला तीनदा विचारलं की जुनं सगळं इकडे येईल ना. त्याने तीनदा हो सांगितलं. चौथ्यांदा नुसतं माझ्याकडे पाहिलं.

बाबा बिबवेवाडीच्या घरी एकटे राहतात. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणतात, तुमच्याकडे खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. ते एका कारखान्यात क्वालिटीला होते, म्हणजे यंत्राचे सुटे भाग मापून पास-नापास करायचं काम. घरातली पोळीसुद्धा ते ताटात घेण्याआधी उलटून पाहतात. एका रविवारी दुपारी मी त्यांच्या पंख्याचा रेग्युलेटर बदलत होतो आणि ते स्टूल धरून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तुझ्याकडे तिचे ते बोललेले निरोप आहेत ना?"

मी म्हटलं, आहेत.

"मला तिने एकही पाठवला नाही. मी घरातच असायचो."

मी स्क्रू फिरवत राहिलो. घरात लग्नामुंजींचे व्हिडिओ आहेत, त्या सगळ्यांत आई आहे, इकडून तिकडे ताटं नेताना, ओटी भरताना. पण सगळ्यांवर सनई आहे. आई कुठेच बोलत नाही.

"तिचं बोलणं सगळं आठवतं मला," बाबा म्हणाले. "आवाज आठवेनासा झालाय."

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे स्टुलावरून उतरून खिशातला फोन काढला असता आणि एक मेसेज लावला असता. मला ते करवलं नाही. ती गेल्यापासून मी ऐकलेच नव्हते, आणि बाबांच्या समोर पहिल्यांदा ऐकायचे म्हणजे आमचं दोघांचं काय झालं असतं कोण जाणे. म्हणून मी माझ्या जातीचं बोललो. म्हणालो, "बाबा, मी एक सिस्टिम करून देतो."

बाबा म्हणाले, "कर."

सिस्टिम अशी. रोज सकाळी साडेसातला आईचा एक मेसेज आपोआप वाजेल. तिघांच्या कॉम्प्युटरवर, एकाच वेळी, तोच मेसेज. माझ्याकडे कोथरूडला, ताईकडे वाघोलीला आणि बाबांकडे. बाबांच्या हॉलमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर ते पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडतात आणि पेन्शनचे कागद बघतात. त्यावर विंडोज. ताईचा लॅपटॉप तिच्या ऑफिसने दिलेला, मॅक. माझ्या घरच्या मशीनवर लिनक्स, कारण लिनक्स वापरणारा माणूस चारचौघांत ते सांगू शकतो.

हे मेसेज वाजवायला मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे चिठ्ठी. कामाला येणाऱ्या मावशींसाठी आपण ओट्यावर ठेवतो तशी: आधी कणीक, मग भाजी, किल्ली शेजारी. पण चिठ्ठी स्वतः उठून कणीक मळत नाही. ती वाचून काम करणारा कोणीतरी लागतो. माझ्या चिठ्ठ्या वाचणाऱ्याचं नाव पायथन. आमच्या धंद्यात त्याला इंटरप्रिटर म्हणतात. तो नसेल किंवा सापडला नाही, तर चिठ्ठी म्हणजे नुसता कागद.

आणि सगळं घोडं अडतं ते त्याच्या पत्त्यापाशी. प्रत्येक सिस्टिमवर हा गृहस्थ वेगळ्या जागी राहतो. लिनक्सवर त्याचं ठरलेलं घर आहे, डोळे मिटून जावं. मॅकवर त्याची दोन घरं असू शकतात, पैकी एका दारावर नुसती पाटी असते, आत कोणी राहत नाही. विंडोजवर तो ज्याने आणून ठेवला त्याच्या मर्जीने राहतो, आणि त्याला हाक कोणत्या नावाने मारायची हेही तिथे वेगळं. पुण्यात पत्ता विचारला की आधी विचारणाऱ्याची अक्कल मोजतात आणि मग डावीकडे वळायला सांगतात. कॉम्प्युटर अक्कल मोजत नाही. चुकीच्या पत्त्यावर गेला की सापडत नाही म्हणतो आणि घरी परत येतो.

हे मला माहीत होतं. यावर मी मुलांना दोन तासांचं व्याख्यान देतो. म्हणून मी तिघांसाठी मिळून एक सामायिक फोल्डर केलं, इंटरनेटवरून जोडलेलं. एकीकडे बदल केला की तिन्हीकडे तो पोहोचतो. त्यात आईचे मेसेज, ती चिठ्ठी आणि एक छोटी फाइल. त्या फाइलीत तीन ओळी: कोथरूड, वाघोली, बिबवेवाडी. प्रत्येक ओळीपुढे त्या त्या मशीनवरच्या पायथनचा पूर्ण पत्ता. बिबवेवाडीची ओळ सगळ्यांत लांब होती.

पुढच्या रविवारी बाबांकडे जाऊन मी सगळं बसवलं. चाचणीला आईचा मेसेज वापरला नाही, एक घंटेचा आवाज ठेवला होता, देवघरातल्यासारखा. बाबा आत चहा करत होते. घंटा वाजली. मी खूश झालो. बाबांना सांगितलं, उद्या साडेसातला बसा. ते म्हणाले, सातला बसतो.

संध्याकाळी घरी आलो तर ताईचा फोन. तिच्याकडे घंटा वाजत नव्हती. त्याऐवजी एक चौकट उघडून तिला काहीतरी डाउनलोड करायला सांगत होती. "आईने मला आयुष्यात कधी इतकं नम्रपणे काही विचारलेलं नाही," ती म्हणाली, "तेव्हा ही आई नाही." म्हणजे वाघोलीच्या ओळीत मी दिलेला पत्ता नुसत्या पाटीचा होता. खरा पायथन दुसऱ्या घरात होता.

आता एका ओळीतला पत्ता बदलायचा आणि गप्प बसायचं. पण मला तीन लांबलचक ओळी दिसत होत्या, आणि बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला असं काही दिसलं की त्याला ते सुबक करावंसं वाटतं. मी तिन्ही पत्ते काढून टाकले. त्याऐवजी नुसतं नाव लिहिलं, पायथन-थ्री, थ्री म्हणजे त्याची आवृत्ती. पत्ता नकोच, नावाने हाक मारा, असेल तिथून येईल. माझ्याकडे घंटा वाजली. ताईकडे वाजली. तीन ओळींची एक झाली. मी ती बायकोला दाखवली. ती म्हणाली, छान आहे, आणि भाजी निवडत राहिली.

बिबवेवाडीला ते चालतंय का हे मी पाहिलं नाही. रविवारची संध्याकाळ, मधला सगळा ट्रॅफिक, आणि दोन ठिकाणी चाललं म्हणजे तिसरीकडे चालणारच. फळ्यावरचं वाक्य फळ्यावर राहिलं. विंडोजवर पायथनला ‘थ्री’ लावून हाक मारली तर मी बसवलेला पायथन ओ देत नाही, हे मी एरवी झोपेतही सांगितलं असतं. त्या दिवशी जागा होतो.

सोमवारी सकाळी साडेसातला माझ्या मशीनवर स्क्रिप्ट चालली. पडद्यावर एक ओळ उमटली, अमुक मेसेज वाजवला. मी स्पीकर बंद ठेवला होता. मनाशी म्हटलं, आज नको, उद्या ऐकू. मंगळवारीही तसंच. साडेसातला बायको स्वयंपाकघरातून बाहेर यायची, मशीनकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि परत आत जायची.

मधल्या रविवारी मी बाबांकडे गेलो नाही. ऑफिसात एक मोठं काम ग्राहकाकडे पाठवायचं होतं. फोन केला आणि विचारलं, ऐकताय ना रोज? बाबा म्हणाले, हो हो. आणि लगेच विचारलं, तू जेवलास का. मला वाटलं, समाधानी आहेत.

त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई रोज बाबांशी बोलते. ती शाळेत शिकवायची तेव्हापासून तिला एक सवय आहे, उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. तिने सांगितलं की आज मी बाबांना विचारलं, आज आई शेवटी किती हसली ना? बाबा म्हणाले, हो, हसली.

"मग?" मी म्हटलं.

"ती हसलीच नाही आज. आज ती तुला दाताच्या डॉक्टरकडे जा म्हणून रागावलीय. दीड मिनिट. तू ऐकलं नाहीस?"

मी म्हणालो, "ताई, माझ्या मशीनवर तर चालतंय."

"चालतंय ते विचारलं नाही मी," ताई म्हणाली. "ऐकलंस का, ते विचारलं."

तिने ताणलं नाही. एवढंच म्हणाली की बाबा खोटं बोलतायत, आणि बाबा खोटं बोलतात तेव्हा कुणालातरी सांभाळत असतात, तेव्हा जा आणि बघ.

फोन ठेवून मी सामायिक फोल्डर उघडलं. स्क्रिप्ट प्रत्येक वेळी चालली की तिथे एक नोंद करते, कुठे चालली आणि किती वाजता. ही सोय मीच केली होती आणि मीच ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. कोथरूडच्या रविवारच्या घंटेसकट अकरा नोंदी. वाघोलीच्या अकरा नोंदी. बिबवेवाडीची एक. रविवारची, माझ्या घंटेची.

दहा सकाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी बिबवेवाडीत होतो. बाबांनी दार उघडलं. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. मी येणार हे त्यांना माहीत नव्हतं. हे माझ्यासाठी नव्हतं. कॉम्प्युटरसमोर लाकडी खुर्ची ओढून ठेवलेली होती, आणि शेजारी टेबलावर त्यांची लांबट वही आणि पेन्सिल. मला पाहून त्यांनी वही उचलली, पण आता लपवायची कुठे हे न सुचल्यामुळे परत ठेवली.

मी म्हटलं, बाबा, मशीन वाजतच नाहीये ना?

ते म्हणाले, "चहा टाकतो."

ते आत गेले आणि मी वही उघडली. कारखान्यात ते प्रत्येक भागाची नोंद ठेवायचे तशीच नोंद होती. पहिला दिवस: साडेसात. काळी चौकट. दोन ओळी. अर्धा सेकंद. वाचता आलं नाही. दुसरा दिवस: काळी चौकट. इंग्रजी आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी ‘नॉट’ एवढा शब्द टिपला होता. म्हणजे हा माणूस रोज सकाळी दबा धरून बसायचा, चौकट यायची आणि जायची, आणि त्यातून एकेक शब्द उचलायचा. पाचव्या दिवशी ‘फाउंड’. सातव्या दिवशी दुसऱ्या ओळीतला ‘इन्स्टॉल’, पुढे प्रश्नचिन्ह. दहाव्या दिवसाखाली सगळं एकत्र लिहिलं होतं. पहिला शब्द त्यांना शेवटपर्यंत पकडता आला नव्हता, म्हणून तिथे फूटपट्टीने आखल्यासारखी रिकामी रेघ, आणि तिच्यापुढे इंग्रजी मोठ्या अक्षरांत: वॉज नॉट फाउंड.

बाबा चहा घेऊन आले. वही माझ्या हातात बघून त्यांनी कप खाली ठेवले.

"मला वाटलं, निरोप हरवले तुझ्याकडून," ते म्हणाले. "आणि तुला सांगवत नाहीये."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं."

मी चहा घेतला. साखर नेहमीपेक्षा जास्त होती. आई असताना बाबांनी चहा कधी केला नव्हता, आता दीड वर्षं करतायत आणि अजून मापात येत नाही. एवढ्या मापाच्या माणसाला.

मी त्यांना सांगितलं की मेसेज सगळे आहेत, एकही हरवलेला नाही. जो सापडला नव्हता तो पायथन. रिकाम्या रेघेच्या जागी ते नाव होतं. बाबांनी पेन्सिल घेतली आणि रेघेवर ते नाव लिहिलं, आधी स्पेलिंग विचारून. मग म्हणाले, हा कोण? मी चिठ्ठीचं आणि वाचणाऱ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

"म्हणजे तो इथे नव्हताच?"

"इथेच होता. त्याचा पूर्ण पत्ता लिहिला होता मी. नंतर घरी जाऊन खोडला."

"का?"

"लांब दिसत होता."

बाबांनी मान हलवली. लांब दिसतो म्हणून कोणी काही कापलं, की पुढे काय होतं हे त्यांनी नोकरीत भरपूर पाहिलं असणार. "खोडल्यावर तपासलंस?"

"दोन ठिकाणी."

"तीनपैकी दोन," बाबा म्हणाले. रागावून नाही. आकडा बरोबर ऐकला का ते पाहण्यासाठी म्हटल्यासारखं. माझ्या ऑफिसातल्या मुलांनी हे ऐकायला हवं होतं. न दुखवता कसं सांगायचं याचं व्याख्यान मला द्यावं लागलं नसतं.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. मी ती सुबक ओळ पुसली आणि परत तीन ओळी लिहिल्या. वाघोलीला खरं घर, पाटी नव्हे. कोथरूडला नेहमीचं. बिबवेवाडीचा पत्ता या मशीनवर शोधून, एका फोल्डरातून दुसऱ्यात उतरत, शेवटच्या अक्षरापर्यंत लिहिला. बाबा शेजारी बसून अक्षरं जुळवत होते. मध्ये एकदा त्यांनी बोट ठेवलं. पत्त्यातली एक तिरकी रेघ मी उलट्या बाजूला झुकवली होती. लिनक्सची सवय. मी दुरुस्त केली.

मग मी हाताने स्क्रिप्ट चालवून पाहिली. घंटा वाजली. शिवाय या वेळी मशीन स्वतःच्या वेळापत्रकाने चालवेल तेव्हाही वाजते का ते बघायला दोन मिनिटांनंतरची वेळ लावली, आणि आम्ही दोघं दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसलो. पुन्हा घंटा.

"ही घंटा कसली?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, चाचणीसाठी आहे.

"तिलाच लावून का नाही बघत?"

सांगायला माझ्याकडे तीन-चार कारणं होती, सगळी तांत्रिक. चाचणीचा आवाज छोटा असावा, ओळखू येणारा असावा, वगैरे. मी ती तोंडात जुळवत होतो, आणि बाबा वाट बघत होते, सुटा भाग हातात घेऊन प्रकाशात धरावा तसे.

"ती गेल्यापासून मी एकही ऐकलेला नाही, बाबा," मी म्हणालो. "स्पीकर बंद ठेवतो रोज."

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून अठरा मिनिटं झाली होती. बाबांनी उठून आतून दुसरी खुर्ची आणली, त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि तिची पाठ थोपटली. मी घंटा काढली, वेळ पुन्हा साडेसातला लावली आणि त्या खुर्चीत बसलो.

ती बारा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्यांत सांगण्यासारखं काहीही घडलं नाही. बाहेर कोणीतरी गाडी पुसत होतं. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. बाबांनी एकदा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत घातला, ऐकायला चष्मा लागत नाही हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी मनातल्या मनात पत्ता पुन्हा पुन्हा म्हणत होतो, मधल्या रेघांसकट.

साडेसात वाजले. काळी चौकट उघडली आणि या वेळी ती गेली नाही.

"अरे, ऐक," आई म्हणाली.

मागे नळाचा किंवा भांड्यांचा आवाज होता. तिचा आवाज मला वाटत होता त्यापेक्षा तरुण होता आणि थोडा घाईतला. परवा तू तो स्टीलचा डबा नेलास, त्याचं झाकण इथेच राहिलंय, बिनझाकणाचा डबा घेऊन तू गाडीवर गेलास कसा, सगळी चटणी पिशवीत सांडली असेल आणि तू मला सांगितलं नाहीस. सांडली होती. सांगितलं नव्हतं. मला तो दिवस आठवला, पिशवी आठवली, ती मी ऑफिसच्या बेसिनमध्ये धुतली होती ते आठवलं, आणि हा मेसेज आल्यावर पाठवलेला अंगठा आठवला. माझ्या डोळ्यांसमोरचा पडदा दिसेनासा झाला. बाबा ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढताना बसतात तसे.

मग मध्येच आईने तोंड फोनपासून लांब नेलं. आवाज जरा दूर गेला आणि मोठा झाला.

"अहो, पाणी आलं वाटतं. मोटर लावा ना."

बाबा उठले. खुर्चीच्या हातावर भार देऊन, नेहमी उठतात तसे, थोडे कण्हून. मला काही कळायच्या आत ते हॉलमधून पॅसेजमध्ये गेले होते, जिथे मोटरचं बटण आहे. इकडे आई पुन्हा माझ्याकडे वळली होती. हं, तर झाकण मी पिशवीत घालून दाराच्या आत ठेवलंय, येशील तेव्हा ने, आणि येशील कधी ते सांग. एवढं म्हणून ती थांबली. चौकट मिटली.

मी पॅसेजकडे पाहिलं. बाबा बटणावर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून उभे होते. बटण त्यांनी दाबलं नव्हतं. आत स्वयंपाकघरात कोणी असेल तर त्याला नीट ऐकू जावं एवढ्या आवाजात ते म्हणाले,

"अगं, आज गुरुवार आहे. आज पाणी नाही यायचं."

आणि ते तिथे आणि मी खुर्चीत, आम्ही दोघंही थोडा वेळ तसेच थांबलो, ती त्यावर काही म्हणतेय का ते बघत.